देवालयातील नृत्यसेवा व तिचा अर्थ

देवपूजेच्या अखेरीस छत्र, चामर, गीत, वाद्य व नृत्य हे राजोपचार समर्पण करावयाचे, हा परिपाठ आपल्या ज्ञातिबांधवांस परिचित आहे. घरच्या पूजेत नर्तकी कोठून यावी? म्हणून त्या जागी आपण चिमूटभर अक्षता वाहून मोकळे होतो. परंतु त्या अक्षतांच्या मागे मोठा इतिहास उभा आहे. समाजातील अनेक मुली हल्ली भरतनाट्य शिकत आहेत. अशा वेळी तो इतिहास, त्यातील उज्ज्वल आणि मलिन अशा दोन्ही अंगांसह, वडीलधाऱ्यांस ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

देव हा राजा व देवालय हा त्याचा प्रासाद, ही आपल्या पूजाविधीतील मूळ कल्पना होय. राजास जागवावे, स्नान घालावे, भोजन द्यावे, मिरवावे, तसेच देवासही. आणि राजसभेत नृत्य होते, तसे ते देवासमोरही व्हावे. या कल्पनेचे भव्य स्वरूप तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दिसते. चोल राजा पहिला राजराज याने हे मंदिर १०१० च्या सुमारास पूर्ण केले. तेथील शिलालेखात सुमारे ४०० मंदिर-स्त्रियांची नोंद आहे. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या देवळातून आली, कोणत्या ओळीतील कोणते घर तिला दिले, हे सर्व दगडावर कोरले आहे. प्रत्येकीचा वाटा १०० कलम भाताचा. कलम हे तमिळ देशातील धान्याचे माप. राजाने आपल्या कीर्तीशेजारी या स्त्रियांची नावे कोरविली, यावरून त्यांच्या सेवेचे मोल ध्यानात येईल.

याच मंदिराच्या वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातील १०८ करणांपैकी ८१ करणे शिल्पित असून ती करणारा नर्तक साक्षात् शिव आहे. तेथून उत्तरेस असलेल्या चिदंबरम् येथे तर शिवाची पूजाच नटराजरूपात होते. त्याच्या एका हातातील डमरू म्हणजे सृष्टीची उत्पत्ति, दुसऱ्या हातातील अग्नि म्हणजे संहार, अभयहस्त म्हणजे रक्षण. पायाखालचा अपस्मार हा जीवाचे अज्ञान, आणि उचललेला पाय हा शरणागतास मिळणारा अनुग्रह. विश्वाची घडामोड हेच जेथे देवाचे नृत्य मानिले, तेथे त्याची पूजा नृत्याने व्हावी, यात नवल ते काय?

विधीतही प्रत्येक पदन्यासास अर्थ असे. तमिळ देशातील शिवालयांत महोत्सवारंभी मध्यभागी ब्रह्मदेव व आठ दिशांस अष्टदिक्पाल, अशा नऊ स्थानी आवाहन होई आणि त्या त्या स्थानी ठराविक ताल व नृत्य सादर होई. जणू नृत्याने क्षेत्राची सीमा बांधली जाई. सायंकाळी नर्तकी कुंभारती ओवाळून देवाची दृष्ट काढी. तिचा विवाह देवाशी झालेला. देवास मरण नाही, म्हणून तिला वैधव्य नाही. अशा नित्यसुमंगलीचे दर्शन शुभ मानीत.

पुढे तंजावरास भोसल्यांचे राज्य झाले. दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२) यांच्या आश्रयास चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चार बंधु होते. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा जो क्रम आपल्या मुली आज शिकतात, तो बांधण्याचे श्रेय त्यांस दिले जाते. सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीतही रचना केल्या, ही गोष्ट आपणांस अभिमानाची आहे.

परंतु राजाश्रय संपला आणि या नित्यसुमंगलींच्या नशिबी विटंबना आली. अजाण मुलींस देवास वाहून त्यांचे आयुष्य धनिकांच्या स्वाधीन करण्याची दुष्ट रूढी बळावली. ती कायद्याने बंद झाली, हे उचितच झाले. मुंबई इलाख्यात १९३४ साली व मद्रास प्रांतात १९४७ साली यासंबंधी कायदे झाले. मद्रासेत त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या मातोश्री याच वर्गातील होत्या.

मात्र रूढी जाता जाता त्या स्त्रियांचा मानही गेला. ज्या कलेमुळे त्यांस नावे ठेविली, तीच कला प्रतिष्ठित घरांतील मुलींनी रंगभूमीवर आणताच पवित्र ठरली! या कलेच्या थोर उपासिका बालसरस्वती (१९१८ ते १९८४) देवदासी घराण्यातल्याच होत्या. आपल्या कोकण-गोमंतकातील देवळांतही भाविणी व कलावंतिणी यांनी पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली. त्यांच्या वंशजांस समाजाने काय ऐकविले, हे जाणत्यांस सांगावयास नको.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची एवढीच विनंति आहे. मुलीच्या पायांत घुंगरू बांधताना तिला मुद्रांचा अर्थ जसा शिकवाल, तसेच ही विद्या ज्यांनी उपेक्षा सोसून जतन केली, त्यांच्याविषयी आदरही शिकवा. नृत्यारंभी पुष्पांजलि वाहताना देवाबरोबर त्या अनाम गुरुमातांसही तिने मनोमन वंदन करावे.