गिधाडाची गोष्ट आणि तीन पिढ्या

गिधाड आणि माकड यांची एक जुनी गोष्ट अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात सांगितली जात असे. गिधाड प्राण्यांना पाठीवर घेऊन आकाशाची सैर घडवी आणि उंचावरून खाली टाकून त्यांचा फडशा पाडी. माकडाची पाळी आली तेव्हा त्याने आपले शेपूट गिधाडाच्या मानेभोवती आवळले आणि त्याला सरळ वागायला भाग पाडले. बाप्टिस्ट पंथाचे पाळक एडवर्ड कोल्स ही गोष्ट आपल्या प्रवचनात सांगत. अलाबामातील माँटगोमेरी येथे १९१९ साली जन्मलेला त्यांचा मुलगा नॅथॅनिएल ती ऐकतच शिकागोत वाढला. आई पर्लिना चर्चमध्ये ऑर्गन वाजवी आणि मुलाचा हात पियानोवर प्रथम बसवला तो तिनेच.

हाच मुलगा पुढे नॅट 'किंग' कोल म्हणून जगाला ठाऊक झाला. वडिलांच्या प्रवचनातील त्या गोष्टीवर त्याने 'स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट' हे गाणे रचले आणि १९४३ साली आपल्या तीन वादकांच्या चमूबरोबर ध्वनिमुद्रित केले. त्याचे हक्क मात्र त्याने त्यापूर्वीच अवघ्या ५० डॉलरला विकून टाकले होते!

त्याच्या मखमली आवाजाची कीर्ती पुष्कळांनी गायिली आहे. परंतु त्या आवाजाला काय सोसावे लागले, हे क्वचितच सांगितले जाते. १९४८ साली त्याने लॉस एंजेलिसच्या एका श्रीमंत गोऱ्या वस्तीत घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला हुसकावण्याचा प्रयत्न केला. १९५६ साली बर्मिंगहॅम येथे भर कार्यक्रमात वर्णद्वेष्ट्या गोऱ्यांनी मंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या त्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाला राष्ट्रीय पातळीवरचा एकही पुरस्कर्ता लाभला नाही. वर्षभराहून थोड्याच अधिक काळात तो बंद पडला.

१९५० साली जन्मलेली त्याची मुलगी नॅटली या घरात वाढली. सहाव्या वर्षी नाताळच्या एका ध्वनिमुद्रिकेत तिने वडिलांबरोबर आवाजही दिला होता. फेब्रुवारी १९६५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वडील गेले. वय केवळ ४५. नॅटलीला पंधरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते.

ती मानसशास्त्र शिकली आणि मग गाण्याकडे वळली. क्लबचालकांना हवी होती ती नॅट किंग कोलची मुलगी आणि तिच्या तोंडून वडिलांचीच गाणी. तिने ते नाकारले. १९७५ साली 'इनसेपरेबल' हा तिचा पहिला संग्रह आला. त्यातील गाणी वडिलांच्या संथ, घरंदाज शैलीपासून फार दूरची, उसळत्या 'सोल' संगीताची होती आणि त्यांवर तिला दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. हा नकार कृतघ्नपणाचा होता, असे मला वाटत नाही. स्वतःचा सूर सापडण्याआधी ज्याने वडिलांचा सूर उचलला, तो नक्कलच करीत राहतो. नंतर अमली पदार्थांनी तिला ग्रासले. १९८३ साली व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन ती त्यातून उठली.

आणि मग १९९१ साली, वडिलांच्या मृत्यूला सव्वीस वर्षे झाल्यावर, 'अनफर्गेटेबल... विथ लव्ह' हा संग्रह आला. वडिलांच्या १९६१ सालच्या ध्वनिमुद्रणातून त्यांचा आवाज वेगळा काढून, त्याच्या शेजारी मुलीचा आवाज बसवून केलेल्या युगुलगीताने जग थक्क झाले. संग्रहाच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती एकट्या अमेरिकेत गेल्या आणि १९९२ च्या ग्रॅमी समारंभात त्यावर पारितोषिकांचा वर्षाव झाला. मूळ गीताचे रचनाकार अर्विंग गॉर्डन यांनाही त्याच रात्री, आयुष्याच्या उतरणीला, सन्मान लाभला.

मृताच्या आवाजाशी यंत्राच्या साहाय्याने असे गावे काय, हा प्रश्न गैर नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते, हे त्याचे पुरेसे उत्तर मी मानीत नाही. मात्र त्या संग्रहातील बावीस ध्वनिमुद्रणांपैकी वडिलांचा आवाज केवळ एकात आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. उरलेल्या एकवीस ठिकाणी ती एकटी उभी आहे, आणि त्यांत आजोबांच्या प्रवचनातले ते गिधाड व माकडही आहे. वारसा जर कोठे शोधायचा, तर माझ्या मते तो या एकवीस ठिकाणी शोधावा. १९९३ च्या 'टेक अ लुक' या संग्रहाला जॅझ गायनाचे ग्रॅमी मिळाले ते तर वडिलांच्या आवाजाच्या सोबतीवाचून.

१९९६ च्या 'स्टारडस्ट' संग्रहात तिने वडिलांच्या ध्वनिमुद्रित आवाजाबरोबर पुन्हा एक गीत गायिले. पारितोषिक त्यालाही मिळाले, पण पहिल्या वेळची थरथर त्यात नाही. पुढे मूत्रपिंडे निकामी झाली आणि २००९ साली एका मृत दात्याच्या मूत्रपिंडाचे तिच्यावर रोपण झाले. त्याच दिवशी तिची बहीण कर्करोगाने गेली. प्रकृती सावरताच नॅटली पुन्हा मंचावर गाऊ लागली. ३१ डिसेंबर २०१५ रोजी लॉस एंजेलिस येथे तिचे निधन झाले, तेव्हा ती ६५ वर्षांची होती. वडिलांपेक्षा तिला वीस वर्षे अधिक लाभली.