झाशीच्या तोफा ते ‘नाग’ क्षेपणास्त्र : संरक्षण-संशोधनातल्या सार्वजनिक पैशाचा हिशेब

हिंदी कविता वाचणाऱ्यांना ‘चिरगाव, झाशी’ हा पत्ता ओळखीचा आहे. मैथिलीशरण गुप्त यांचा जन्म १८८६ मध्ये तेथे झाला आणि त्यांची पुस्तके तेथल्याच ‘साहित्य सदना’तून निघत. झाशीहून कानपूरकडे जाताना सुमारे तीस किलोमीटरवर लागणारे हे गाव आता आणखी एका नकाशावर आले आहे. उत्तर प्रदेशाच्या संरक्षण औद्योगिक कॉरिडॉरची झाशी, कानपूर, लखनौ, आग्रा, अलीगढ आणि चित्रकूट ही सहा केंद्रे २०१८ मध्ये ठरली. त्यांपैकी पहिल्या दोहोंना जोडणाऱ्या रस्त्यावर चिरगाव आहे.

१९ नोव्हेंबर २०२१ रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीला, पंतप्रधानांनी झाशीत भारत डायनॅमिक्स लिमिटेडच्या कारखान्याची पायाभरणी केली. ४०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांची प्रणोदन यंत्रणा, म्हणजे क्षेपणास्त्राला पुढे ढकलणारी इंधन-इंजिनाची जोडणी, तयार व्हायची आहे. बातमी कारखान्याची होती. परंतु त्या कारखान्यामागे सहा दशकांच्या संशोधनाचा इतिहास आहे आणि त्याचा बहुतेक खर्च सार्वजनिक तिजोरीतून झालेला आहे. हा पैसा नेमका कशासाठी खर्च झाला, हे समजून घेतले पाहिजे.

आरंभ झाशीपासूनच करू. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोझच्या सैन्याने झाशीला वेढा घातला, तेव्हा वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा मराठीतला या वेढ्याचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत आहे. किल्ल्यावरची ‘कडक बिजली’ आणि ‘भवानी शंकर’ या तोफा आजही तेथे पाहायला मिळतात आणि तोफची गुलाम गौस खाँ यांचे नाव त्यांच्याशी कायमचे जोडले गेले आहे. कारागिरीत किंवा धैर्यात झाशी उणी नव्हती. परंतु ओतकामाचे आणि नेमबाजीचे ज्ञान उस्तादाच्या हातात असे आणि ते शिष्याच्या हातात जाई. समोरच्या सैन्यामागे मात्र मोजमापे ठरवणारी, चुका नोंदवणारी आणि एका पिढीचे काम दुसरीच्या हाती देणारी संस्थात्मक व्यवस्था होती. उस्ताद रणात पडला की त्याची विद्या संपते. संस्थेचे तसे होत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाशी पडली, तेव्हा राज्याबरोबर ही हातातली विद्याही निराधार झाली.

स्वतंत्र भारताने ही उणीव ओळखली. संरक्षण संशोधन व विकास संघटना, म्हणजे डीआरडीओ, १९५८ मध्ये स्थापन झाली. अमेरिकेची आर्पा (आजची डार्पा) संस्थाही त्याच वर्षीची. त्याच वर्षी दिल्लीत ‘विशेष शस्त्र विकास गट’ सुरू झाला. त्याच्यापुढचे आरंभीचे काम रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राचेच होते. पुढे या गटातून हैदराबादची डीआरडीएल ही प्रयोगशाळा उभी राहिली. मात्र सैन्याच्या हाती पोहोचले ते फ्रेंच एसएस-११ क्षेपणास्त्र. त्याचे परवान्यावर उत्पादन करण्यासाठी १९७० मध्ये भारत डायनॅमिक्सची स्थापना झाली. नंतर मिलान आणि कॉंकुर्स ही परदेशी क्षेपणास्त्रेही तेथे तयार होऊ लागली.

परवान्याने वस्तू मिळते आणि ती बनवण्याचे कौशल्यही मिळते. एखादा भाग असाच का आहे आणि परिस्थिती बदलली तर तो कसा बदलायचा, हे मात्र परवान्याच्या कागदात लिहिलेले नसते. ते ज्ञान स्वतःच्या चुकांतून मिळवावे लागते आणि चुकांना पैसा लागतो. खासगी उद्योगाने तो का घालावा? ग्राहक एकच, सरकार. मागणी निश्चित नाही आणि यशाला किती वर्षे लागतील हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून या टप्प्यावर जोखीम समाजाने, म्हणजे सार्वजनिक तिजोरीने, उचलावी लागते.

१९८३ मध्ये एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम ३८८ कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाला. पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश आणि नाग ही त्यातली पाच क्षेपणास्त्रे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखालच्या या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य असे, की काम डीआरडीओच्या भिंतींत कोंडून ठेवले गेले नाही. भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी, विद्यापीठे आणि उद्योग यांच्यात ते वाटले गेले. ‘नाग’साठी संकेत-प्रक्रियेची गणिती रीत उस्मानिया विद्यापीठातल्या केंद्राने विकसित केली. पुण्यात पाषाणजवळच्या सुतारवाडीतली एचईएमआरएल ही प्रयोगशाळा स्फोटके आणि घन इंधने यांवर काम करते. तिची परंपरा १९०८ मधल्या नैनितालच्या प्रयोगशाळेपर्यंत जाते आणि १९६० मध्ये ती पुण्यात आली. ‘नाग’च्या धूर न करणाऱ्या इंधनावर तेथे काम झाले. धूर निघाला तर क्षेपणास्त्र कोठून सुटले हे शत्रूला कळते. म्हणजे इंधनाचे रसायन हा सैनिकाच्या जिवाचाही प्रश्न असतो.

तरीही ‘नाग’ला वेळ लागला. हे क्षेपणास्त्र अवरक्त किरणांतून रणगाड्याची उष्णता ‘पाहते’. राजस्थानच्या वाळवंटात भर दुपारी वाळू इतकी तापते, की रणगाडा आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक अगदी कमी होतो. लक्ष्य जणू वाळूत विरघळते. थंड देशातल्या चाचण्यांत ही अडचण इतक्या तीव्रतेने समोर येत नाही. ती येथेच समोर येणार होती आणि येथेच सुटणार होती. त्यासाठी अधिक संवेदनक्षम शोधक तयार करावा लागला. ऑक्टोबर २०२० मध्ये पोखरण येथे प्रत्यक्ष स्फोटकासह अंतिम चाचणी झाली आणि क्षेपणास्त्र उत्पादनासाठी सिद्ध झाल्याचे जाहीर झाले. आरंभापासून सदतीस वर्षे झाली होती.

या सदतीस वर्षांचे समर्थन केवळ अभिमानाने करता येणार नाही. मधल्या काळात सैन्याला परदेशी क्षेपणास्त्रांवर विसंबावे लागले. २०१९ मध्येही इस्रायलची स्पाइक क्षेपणास्त्रे तातडीने घ्यावी लागली. विलंबाची किंमत सीमेवरचा जवान मोजतो, म्हणून संशोधनाला मुदत आणि उत्तरदायित्व हवेच. परंतु अपयश आले की निधी थांबवायचा, हा नियम केला असता तर वाळवंटातल्या दुपारचा प्रश्न आजही परदेशी कंपनीच्या दारात पडून राहिला असता. अपयशाची नोंद ठेवून त्याच्यावर पुढचे काम रचले जाते की नाही, हे विचारणे अधिक योग्य.

अलीकडे निधीची रीत बदलते आहे. तंत्रज्ञान विकास निधीतून उद्योगांना प्रकल्पखर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. एका प्रकल्पाची मर्यादा २०२२ मध्ये १० कोटींवरून ५० कोटी करण्यात आली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात संरक्षण-संशोधनाच्या तरतुदीपैकी २५ टक्के वाटा उद्योग, नवउद्योग आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी खुला केला गेला. युरोपीय संघाने २०२१ ते २०२७ या काळासाठी सुमारे ८ अब्ज युरोंचा संरक्षण निधी उभारला आहे. तेथे सर्वसाधारणपणे किमान तीन देशांतल्या तीन संस्थांनी एकत्र आल्याखेरीज अर्जच करता येत नाही. सहकार्य ही तेथे निधीची पहिली अट आहे.

आता पुन्हा चिरगावच्या रस्त्यावर येऊ. एका टोकाला झाशीचा नियोजित कारखाना, दुसऱ्या टोकाला कानपुरात डीआरडीओची पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा आणि आयआयटी. झाशीत बुंदेलखंड विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सार्वजनिक पैशातून फक्त कारखाना उभा राहिला, तर बुंदेलखंडाच्या वाट्याला परवान्याचीच दुसरी आवृत्ती येईल : आराखडा हैदराबादचा, इंधनाचे रसायन पुण्याचे आणि येथे केवळ जोडणी. या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना इंधनाच्या कणांचा, धातूच्या थकव्याचा, उष्णतेच्या वहनाचा एखादा लहानसा खरा प्रश्न सोडवायला मिळाला, तर गोष्ट वेगळी होईल. उस्मानिया विद्यापीठाला १९८० च्या दशकात असाच एक प्रश्न मिळाला होता.