मॅन्डोलिनची बिदागी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह गेली तीन वर्षे चालला आहे. पाककृती लिहिणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्या माझ्याहून स्वयंपाकही चांगला करतात. मला येते ती एक मॅन्डोलिन. गुरुवारच्या भजनात पेटीच्या मागे बसून मी ती वाजवते, हे आपण सर्वजणी जाणताच. तेव्हा या वाद्यावर पोट भरणाऱ्या माणसांचा, आणि त्यातही बायकांचा, थोडासा इतिहास सांगावा असे मनात आले. हा इतिहास आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला आहे; परंतु मला तो फारसा परका वाटला नाही. का वाटला नाही ते पुढे येईलच.

२०१९ साली लेकीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात सहा महिने होते. वॉशिंग्टन शहर तेथून जवळ. मॅन्डोलिन मी बरोबर नेली होती, कारण बाळ झोपले म्हणजे आजीला काम काय? एके दिवशी शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून ऐकले आणि आठवड्याच्या बैठकीला मला ओढूनच नेले. एका साध्या दिवाणखान्यात दहाबारा माणसे खुर्च्यांचे कडे करून बसली होती. पुढे कागद नाही, की व्यासपीठ नाही. एकाने गाणे धरायचे, मग व्हायोलिन, बॅन्जो, गिटार, मॅन्डोलिन यांनी पाळीपाळीने पुढे यायचे आणि बाकीच्यांनी साथ करायची. (हा बॅन्जो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला बेंजो नव्हे. तो पाच तारांचा, गोल कातड्याचा असतो.) या संगीताला तिकडे ब्लूग्रास म्हणतात. डोंगराळ भागातल्या गरीब शेतकऱ्यांची जुनी गाणी, देवळातली भजने आणि कृष्णवर्णीय लोकांचे ब्लूज, या तिन्हींतून ते उभे राहिले आहे.

त्यात ढोलकी-तबला काही नाही. ठेका द्यायचे काम मॅन्डोलिनकडे असते. हे मला नवीन होते. आपल्याकडे मॅन्डोलिन म्हणजे सिनेगीतातला गोड, थरथरता सूर. सज्जाद हुसेन यांच्यासारख्या थोर माणसाने तिच्यावर रागही वाजवले. तिथे मात्र मोठा डबल बास मात्रेवर वाजतो, आणि दोन मात्रांच्या मधल्या जागी मॅन्डोलिनच्या तारांवर एकदम आघात करून सूर तिथल्या तिथे दाबून टाकायचा. ‘चक्’ एवढेच ऐकू येते. रात्रभर चक्, चक्, चक्. कोणाचे लक्षही जात नाही. पण ते थांबले की सगळी गाडी रुळावरून उतरते. घरात कढी ढवळणाऱ्या हाताची आठवण मला झाली, हे कबूल करते.

ही पद्धत रूढ केली बिल मन्रो यांनी. त्यांचा जन्म १९११ सालचा, केंटकी राज्यातल्या रोझीन या खेड्यातला. आठ भावंडांत शेंडेफळ. थोरल्या भावांनी व्हायोलिन आणि गिटार आधीच धरलेली, म्हणून उरलेली मॅन्डोलिन यांच्या वाट्याला आली. आणि फार मोठ्याने वाजू नये म्हणून आठांपैकी चारच तारा लावू दिल्या, असे ते पुढे सांगत. आई गेली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. १९२८ साली वडीलही गेले. मग फिडल वाजवणाऱ्या पेन मामांच्या आसऱ्याला ते राहिले व गावोगावच्या नाचांना मामांच्या साथीला जाऊ लागले. आर्नल्ड शुल्ट्झ नावाचे कृष्णवर्णीय वादक त्याच भागात होते. खाणकाम करून गिटार व फिडल वाजवीत. त्यांच्याबरोबरही मन्रो नाचांना वाजवायला बसले, आणि त्यांचे ऋण त्यांनी जन्मभर सांगितले. पुढे इंडियाना राज्यात तेलाच्या कारखान्यात पिंपे रचण्याचे काम काही वर्षे केले. वाजवणे रात्री, पिंपे दिवसा. १९३९ साली नॅशव्हिल येथल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या आकाशवाणीच्या कार्यक्रमात त्यांना जागा मिळाली, तेव्हा कुठे नाव झाले. आपल्या राज्याच्या टोपणनावावरून त्यांनी मंडळींचे नाव ‘ब्लू ग्रास बॉईज’ ठेवले होते, त्यावरूनच पुढे या संगीताला नाव पडले.

नाव झाले तरी पैसा आकाशवाणीत नव्हता. तो होता तिकिटाच्या खिडकीवर. दर शनिवारी रात्री नॅशव्हिलला हजर राहायचे आणि बाकी आठवडाभर मोटारीत कोंबून बसून गावे पालथी घालायची. १९४० नंतरच्या काही वर्षांत मन्रो यांनी स्वतःचा तंबूच बाळगला होता. नव्या गावी जायचे, तंबू ठोकायचा, दुपारी गावकऱ्यांशी बेसबॉलचा सामना खेळायचा, रात्री वाजवायचे, तंबू उतरवायचा आणि पुढे निघायचे. आपल्या तमाशाच्या फडांची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

या ‘बॉईज’मध्ये एक बाई होती! सॅली ॲन फॉरेस्टर हे तिचे रंगमंचावरचे नाव. १९४३ पासून १९४६ पर्यंत ती मन्रो यांच्याबरोबर ॲकॉर्डियन वाजवीत होती व गात होती. १९४५ सालच्या ध्वनिमुद्रणात तिची ॲकॉर्डियन आजही ऐकू येते. तिकिटांचे पैसे गोळा करणे आणि त्यांचा हिशेब सांभाळणे, हेही तिच्याकडेच. तिचा नवरा हाउडी याच मंडळींत फिडल वाजवी. युद्धात तो नौदलात गेला. पुष्कळ दिवस असे सांगितले जाई की, नवऱ्याची जागा राखून ठेवण्यापुरते मन्रो यांनी तिला ठेवून घेतले होते. बायकांच्या ब्लूग्रासचा इतिहास लिहिणाऱ्या मर्फी हेन्री यांनी ही समजूत खोडून काढली आहे. मला तर ती ऐकताच हसू आले. फिडलवाल्याची जागा राखायची म्हणून ॲकॉर्डियनवाली कोण ठेवतो? आणि गल्ल्याची किल्ली कोण देतो?

वॉशिंग्टनकडे हे संगीत आले ते पोटासाठी स्थलांतर करणाऱ्या डोंगरी माणसांबरोबर. अर्नेस्ट स्टोनमन हे व्हर्जिनियातले गायक. १९२४ सालीच त्यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली होती. मंदीत सर्व गेले आणि १९३२ साली बिऱ्हाड घेऊन ते वॉशिंग्टनजवळ आले. हॅटीबाईंना एकंदर २३ मुले झाली, त्यांतली १३ वाढली. १९३४ साली जन्मलेली डॉना मॅन्डोलिन वाजवू लागली, तीही नाचत नाचत. रात्री वॉशिंग्टनच्या दारूच्या गुत्त्यांतून भावंडांसह वाजवणे हाच तिचा व्यवसाय. १९५६ साली दूरचित्रवाणीवरची एक मोठी स्पर्धा या भावंडांनी जिंकली आणि १९६७ साली देशातले उत्कृष्ट गायकवृंद म्हणून कुटुंबाला पारितोषिक मिळाले. पण तिची धाकटी बहीण रोनी, जी बॅन्जोत नामांकित, तिने पोरांचे पोट भरण्यासाठी लोकांचे कपडेही धुतले आहेत.

आता दुसरे उदाहरण पाहा. डॉनाबाईंच्याच वर्षी, १९३४ मध्ये, वॉशिंग्टनला जॉन डफी जन्मले. तेही मॅन्डोलिनवाले, आणि फार मोठे. बारा वर्षे एका गाजलेल्या संचात काढून, प्रवासाला कंटाळून १९६९ साली त्यांनी तो सोडला व वाद्ये दुरुस्त करू लागले. १९७१ साली त्यांनी चार जणांसह ‘सेल्डम सीन’ हा संच काढला. क्वचित दिसणारे, असा त्याचा अर्थ. कारण संचात एक शल्यचिकित्सक, एक गणितज्ञ, एक नकाशे काढणारा, एक वृत्तपत्रातला चित्रकार. सगळे आपापली नोकरी सांभाळून आठवड्यातून एक रात्र एकाच ठिकाणी वाजवीत. लोक त्यांच्याकडे येत, त्यांना लोकांकडे जावे लागत नसे. १९९६ साली डफी वारले तोवर हा क्रम थोड्याफार फरकाने चालला. त्यांच्या वादनाला मी कमी लेखत नाही. पण ‘मी आठवड्यातून एकदाच वाजवणार’ असे म्हणायला महिन्याचा पगार पाठीशी लागतो. स्टोनमनांच्या मुलींपाशी तो नव्हता.

मजपाशीही नव्हता. १९७४ साली, मी एकवीस वर्षांची असताना, गणेशोत्सवात एका वाद्यवृंदात मॅन्डोलिन वाजवीत असे. नाव सांगत नाही. पुरुष वादकांना रात्रीचे चाळीस रुपये मिळत, मला वीस. आणि तेही पाकीट माझ्या हाती नव्हे, सोबत येणाऱ्या दादाच्या हाती. एकदा धीर करून संचालकांना विचारले, तर ते म्हणाले, “ताई, तुमच्या दादाचं जेवण आमच्याकडेच होतं ना?” दादा खरोखर पुष्कळ जेवत असे, त्यामुळे मला उत्तर सुचले नाही. लग्न ठरले आणि ते वाजवणे संपले. किती रात्री वाजवले हे मी वहीत लिहून ठेवले होते. एकंदर त्रेसष्ट.

मेरीलँडच्या त्या मंडळींनी एका शनिवारी भाजीबाजारात वाजवायचे ठरवले आणि मलाही उभे केले. मला त्यांची गाणी येत नव्हती. मी फक्त चक्-चक् केले. पुढे एक काचेची बरणी ठेवली होती, येणारेजाणारे तीत नोटा टाकीत. शेवटी शेजारच्या बाईंनी बरणी टेबलावर उपडी केली, सर्वांचे सारखे वाटे केले आणि माझा वाटा माझ्या हातावर ठेवला. अकरा डॉलर. घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितले, तर जावईबापू घाबरले. पाहुणी म्हणून आलेल्या माणसाने त्या देशात कमाई करायची नसते म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पैसे शेजारी परत नेऊन दिले. पण देण्यापूर्वी दोनदा मोजले.