भूमिकेत शिरणं आणि परत येणं

फुलचूरमध्ये नाटकावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी कधी ना कधी तोंडाला रंग लावलेला असणार. दिवाळी झाली, मंडई सुरू झाली की आपल्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटक चालतं, आणि सकाळी चर्चा एकच: अमका भूमिकेत किती शिरला होता! या 'शिरण्या'चाच आज थोडा इतिहास पाहू.

उदाहरण नेहमीचंच घेतो. १२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग थांबला नाही. बावीस वर्षांचा तो बाप भामिनी होऊन उभा राहिला. आपण ही गोष्ट सांगतो ती तन्मयतेचा पुरावा म्हणून. भामिनीत इतके बुडाले की स्वतःचं दुःख विसरले, असं. मीही वर्गात बरीच वर्षं हेच सांगत आलो. आता मला ते पटत नाही.

जरा तेव्हाचं संगीत नाटक डोळ्यांसमोर आणा. पद रंगलं की प्रेक्षकांतून 'वन्समोर' येणार. नटानं भामिनीचा राग तिथंच ठेवायचा, तेच पद पुन्हा म्हणायचं, ऑर्गन आणि तबल्याशी जुळवून घ्यायचं, आणि मग सोडलेला राग पुन्हा उचलायचा. पूर्ण बुडालेला माणूस समेवर येईल कसा? कुणीतरी आत जागं लागतं. त्या दिवशी बालगंधर्वांच्या आत जो जागा होता, त्याला मुलगी गेल्याचं ठाऊक होतं, असं मी मानतो. 'विसरले' म्हटलं की आपण त्यांचं बापपण काढून घेतो, आणि कसबही.

अठराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो याच्याही पुढे गेला. त्याचं म्हणणं, थोर नटाला त्या भावना जाणवतच नाहीत. तो थंड डोक्यानं त्या दाखवतो. त्याचा हा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १८३० साली छापला गेला. मला दिदरो अर्धाच पटतो. भरतमुनींनी सात्त्विक भाव सांगितले, म्हणजे अश्रू, रोमांच, कंप वगैरे. मन एकाग्र झाल्याशिवाय ते येत नाहीत, असं नाट्यशास्त्र म्हणतं. नुसत्या थंड डोक्याचं ते काम नव्हे.

दहाव्या-अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या अभिनवगुप्तानं मात्र फार मार्मिक सांगितलंय. नटाला 'पात्र' का म्हणतात? मद्याची चव भांड्याला कळत नाही, पिणाऱ्याला कळते. तसा रस प्रेक्षकाचा. नट तो पोचवणारा. आपण रोज 'नाटकातली पात्रं' म्हणतो, पण त्यातलं भांडं विसरून गेलोय.

आता आपल्याकडे या. २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांत आकडा आला होता: सुमारे ८०० भूमिका. आठशे वेळा माणूस पुरता दुसरा होऊन परत येईल? शिवाय आपल्याकडे तालमी थोड्या, प्रॉम्प्टरवर भिस्त मोठी. एक कान प्रॉम्प्टरकडे ठेवून रडायचं असतं. शहरातले लोक याला कमअस्सल म्हणतात. मला ते बालगंधर्वांच्या वन्समोरचं सख्खं भावंड वाटतं.

पण भांडं कोरडं राहतं का? लहानपणी एका मंडईत नाटक संपल्यावर पहाटे मी स्टेजच्या मागं गेलो होतो. मुलाच्या प्रेतावर रडून ज्यानं अख्खा मंडप रडवला होता, तो नट काजळ न पुसताच चहा घेत होता. कुणाशी तरी मानधनावरून वाद चालला होता, चांगला हिशेबी. फक्त बशी धरलेला हात थरथरत होता, आणि चहा सांडत होता. थंडी होती, हे खरं. पण बाकी कुणाचा हात तसा हलत नव्हता.