पर्यायी कुणाला?

मेंढ्यांच्या 'पर्यायी वैरणी'बद्दल परवा वाचत होतो. तुरीचं भुसकट, सोयाबीनचा भुसा, भुईमुगाचे वेल, भाताचा पेंढा, उसाचं वाढं... यादी बरीच लांब होती. माझी गाडी मात्र 'पर्यायी' या शब्दापाशीच अडली. माझ्या आजोळी, बारामतीच्या जिरायती पट्ट्यात, धनगरांची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या माळावरचं गवत आणि शेतातलं उरलंसुरलं यांवरच जगली. मेंढीसाठी म्हणून वैरण पेरलेली मी तरी तिथे पाहिली नाही.

पावसाळा घरच्या माळावर काढायचा. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादून वाडा निघायचा, घाट उतरून थेट कोकणात. तिथे भात कापून झालेला असतो. खाचरात धसकटं, त्यांना फुटलेले हिरवे कोंब, बांधावरचं गवत. मृगाच्या आत परत घाटावर, कारण कोकणातली ओल दख्खनी मेंढीला सोसत नाही, खुरं कुजतात. रात्री कळप ज्याच्या शेतात बसेल तो शेतकरी लेंडीखताच्या बदल्यात धान्य द्यायचा. म्हणजे चारा फुकट आणि वर मेहनताना! हा व्यवहार मला आजही फार देखणा वाटतो.

यात शास्त्रही आहे बरं का. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के, शिवाय सिलिका भरपूर. भुईमुगाच्या वेलात प्रथिनं त्याच्या दुपटीहून जास्त. पण मोकळी मेंढी पातळ ओठांनी पानं, शेंगा, कोंब तेवढे वेचते आणि काड्या सोडून देते. कडबाकुट्टीतून सगळं एकत्र बारीक करून पुढ्यात टाकलं, की ही निवड संपली.

काड सुधारायची खटपटही जुनीच. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीत जनावरांना दाणा मिळेना, तेव्हा अर्न्स्ट बेकमन या रसायनशास्त्रज्ञाने काड थंड, पातळ कॉस्टिक सोड्यात भिजवून मग धुवून घेण्याची रीत काढली. काड पचायला हलकं झालं, पण धुण्यात पाणी फार जायचं. आपल्याकडे पुढे युरियाची रीत आली. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि ढीग प्लॅस्टिकखाली तीनेक आठवडे हवाबंद ठेवायचा. रीत खरंच चांगली आहे. फक्त तीन आठवडे एका जागी राहणारा माणूस हवा, आणि पेंढा त्याच्या मालकीचा हवा. वाड्यावरच्या धनगराकडे यातलं काय आहे?

मला वाटतं, खरी गोम इथे आहे. उरलंसुरलं पूर्वीही होतं, आजही आहे. फरक पडला तो मालकीत. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीचा बागायती भाग हळूहळू उसाने भरला. बारमाही उभ्या पिकात मेंढरू शिरणार कुठे? उसाचं वाढं निघतं खरं, पण ते ऊसतोड मजुराच्या बैलांना लागतं आणि उरलेल्या मोळ्या तो गाईम्हशीवाल्यांना विकतो. त्याचंही पोट आहेच. कोकणातही आंब्याकाजूच्या बागांना कुंपणं पडली. काही गावांत तर धनगरच चराईचे पैसे मोजतो. व्यवहार पार उलटा झाला.

आमच्या मामांचंच बघा. तुरीचं भुसकट ते पोत्यांत भरून ठेवतात. गेल्या साली बंदिस्त शेळीपालन करणाऱ्या एकाने सगळं उचललं, रोख देऊन. कांदा लावायच्या आधी मात्र मामा अजून वाडा शेतात बसवून घेतात. मी म्हटलं, "मामा, भुसकट विकलंत, मग मेंढरं खाणार काय?"

"खताचे पैसे देतो की मी त्याला," मामा म्हणाले. "रात्री बसायचे. दिवसा कुठे चारतो, ते त्याचं तो बघतो."