गुरुग्रामची कोंबडी आणि कुक्कुटपालनाचा ताळेबंद

दिल्लीलगतचे गुरुग्राम (२०१६ पर्यंतचे गुडगाव) आज काचेच्या इमारतींसाठी आणि मोटार कारखान्यांसाठी ओळखले जाते. मात्र भारतातील कुक्कुटपालनाच्या इतिहासात या शहराचे स्थान वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. केंद्र सरकारचे कुक्कुट कार्यक्षमता चाचणी केंद्र येथे आहे. निरनिराळ्या जातींच्या कोंबड्यांना समान खाद्य व समान निवारा देऊन त्यांचे अंडी उत्पादन, वजनवाढ आणि मरतुकीचे प्रमाण तेथे तपासले जाते. विनोद कपूर यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेली केगफार्म्स ही संस्थाही गुरुग्रामचीच. ‘कुरोइलर’ ही संकरित कोंबडी तिनेच विकसित केली.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी पैदास कंपन्यांना भारतीय बाजारपेठ खुली झाली. ब्रॉयलर व लेअर कोंबड्यांच्या क्षेत्रात त्यांच्याशी स्पर्धा करण्याऐवजी कपूर यांनी वेगळा मार्ग निवडला. खेड्यातील परसात, उकिरड्यावर आणि घरातील उष्ट्या-खरकट्यावर वाढू शकेल, दिसायला गावठी कोंबडीसारखी रंगीत असेल, पण अंडी आणि मांस तिच्याहून कितीतरी अधिक देईल अशी कोंबडी त्यांना हवी होती. गावठी कोंबडी वर्षाला साधारणतः ४० ते ६० अंडी देते. कुरोइलर सुमारे १५० देते, आणि तिचा नरही बराच अधिक वजनदार होतो.

या कोंबडीइतकीच तिची विक्रीव्यवस्था लक्षणीय आहे. उबवणी केंद्रातून बाहेर पडलेले एक दिवसाचे पिल्लू थेट खेड्यात गेले तर बहुधा मरते. त्यामुळे मधला दुवा म्हणून ‘मातृगृहे’ उभी राहिली. काहीशे ते दोन हजार पिल्ले घेऊन, त्यांना ऊब व लस देऊन दोन-तीन आठवडे सांभाळणारे हे छोटे व्यावसायिक होत. त्यांच्याकडून पिल्ले घेऊन सायकलवरचे फेरीवाले ती गावोगाव विकतात. उत्तर प्रदेश, झारखंड, पश्चिम बंगाल आणि ईशान्येकडील राज्यांत ही साखळी पसरली. पुढे ही कोंबडी युगांडातही पोचली. या जातीला एक मर्यादा आहे. संकरित असल्याने पुढील पिढीत तिचे गुण टिकत नाहीत, आणि ती सहसा खुडूक बसत नाही. दर वेळी नवी पिल्ले विकत घ्यावी लागतात.

महाराष्ट्रातील वाचकांना गिरिराज आणि वनराज ही नावे परिचित आहेत. पहिली जात बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची, तर दुसरी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची. उद्देश तोच. परसातील कुक्कुटपालन म्हणजे मागासलेपणा, हा समज २०१९ च्या पशुगणनेने खोटा ठरविला. देशातील ८५.१८ कोटी कोंबड्या-बदकांपैकी ३१.७ कोटी परसातील होत्या आणि मागील गणनेच्या तुलनेत त्यांची वाढ सुमारे ४६ टक्के होती. व्यापारी कोंबड्यांची वाढ त्या काळात जेमतेम साडेचार टक्के होती.

कोणती कोंबडी पाळावी

व्यवसाय सुरू करणाऱ्याने पहिला निर्णय येथेच घ्यावा लागतो. मांसासाठीचा ब्रॉयलर सुमारे ३५ ते ४२ दिवसांत दोन ते अडीच किलोचा होतो. भांडवल लवकर मोकळे होते, पण भाव पडले तर पक्षी थांबवून ठेवता येत नाहीत, कारण प्रत्येक जादा दिवशी तो खातच असतो. अंड्यांसाठीच्या लेअर कोंबडीला अंडी सुरू होण्यास १८ ते २० आठवडे लागतात. तोवर केवळ खर्च. त्यानंतर ती साधारण ७२ ते ८० आठवड्यांच्या वयापर्यंत ३०० हून अधिक अंडी देते आणि दररोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. लेअरसाठी खिशात पाच महिन्यांचा दम हवा. तो नसेल तर या धंद्यात उतरू नये, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

तिसरा मार्ग कराराचा. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी देते. शेड, वीज, पाणी व मजुरी शेतकऱ्याची. वजनावर संगोपन शुल्क मिळते. भावातील चढउताराचा धोका टळतो, परंतु पिल्लाचा दर्जा, उचल केव्हा होणार आणि दोन तुकड्यांमधील रिकामे दिवस किती, यांवर शेतकऱ्याचे नियंत्रण राहत नाही. करारपत्रातील या तीन बाबी वाचल्याशिवाय सही करणे धोक्याचे होय.

हिशेबाचे गणित

कुक्कुटपालनातील एकूण खर्चाचा ६५ ते ७५ टक्के वाटा खाद्याचा असतो. त्यामुळे नफा ठरतो तो ‘खाद्य रूपांतरा’वर, म्हणजे एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले यावर. केवळ उदाहरणादाखल १,००० ब्रॉयलर पिल्लांचा हिशेब पाहता येईल. पिल्लू ३५ रुपये, खाद्य किलोला ४० रुपये आणि वीज, तूस, लस, मजुरी मिळून पिल्लामागे १५ रुपये धरावेत. पाच टक्के मरतूक वजा जाता ९५० पक्षी प्रत्येकी दोन किलोचे, म्हणजे एकूण १,९०० किलो वजन. खाद्य रूपांतर १.७ असल्यास खाद्य लागेल ३,२३० किलो, त्याची किंमत १,२९,२०० रुपये. पिल्लांचे ३५,००० आणि इतर १५,००० मिळवल्यास एकूण खर्च १,७९,२०० रुपये होतो. म्हणजेच किलोमागे सुमारे ९४ रुपये. १०० रुपये भाव मिळाला तर १०,८०० रुपये उरतात.

आता खाद्य रूपांतर १.७ ऐवजी १.९ झाले असे समजावे. खाद्यभांड्यातून सांड झाली, उंदीर-घुशींनी वाटा घेतला किंवा शेडमध्ये कोंदट हवा राहिली, तर एवढा फरक सहज पडतो. खर्च १५,२०० रुपयांनी वाढतो आणि त्याच भावात ४,४०० रुपयांचा तोटा होतो. भाव शेतकऱ्याच्या हातात नाही. सांड मात्र त्याच्या हातात आहे. (शेडबांधणीच्या कर्जाचे व्याज या हिशेबात धरलेलेच नाही.) म्हणूनच खाद्यभांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीवर ठेवणे आणि भांडी एकतृतीयांशाहून अधिक न भरणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या सूचना जुने व्यावसायिक कटाक्षाने पाळतात.

खाद्यातील मुख्य घटक मका आणि सोयाबीनची पेंड. २०२१ मध्ये पेंडीचे दर इतके भडकले की केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये जनुकीय सुधारित सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी दिली. त्यानंतर इथेनॉलनिर्मितीसाठी मक्याची मागणी वाढली आणि कुक्कुटपालकांना नवा स्पर्धक मिळाला. स्वस्त म्हणून ओलसर मका घेणे सर्वांत महाग पडते. त्यावरील बुरशीचे विष यकृत पोखरते आणि पक्षी का मरत आहेत हे कळेपर्यंत तुकडी हातची जाते.

उन्हाळा, हिवाळा आणि पहिले चौदा दिवस

गुरुग्राममध्ये मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर जानेवारीच्या पहाटे तो तीन-चार अंशांवर येतो. विदर्भाचा उन्हाळा आणि त्याहून कडक हिवाळा एकाच शेडने सोसावा, असे हे हवामान आहे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, जेणेकरून कडक ऊन थेट आत येत नाही. उघड्या बाजूंच्या शेडची रुंदी ३० फुटांहून अधिक नसावी, अन्यथा मधली हवा हलत नाही. बाजूची भिंत फूट-दीड फूट, वर जाळी आणि छपराचा पुढे आलेला पाखा ही रचना सर्वत्र रूढ आहे. गादी पद्धतीत ब्रॉयलरमागे सुमारे एक चौरस फूट जागा धरतात. उन्हाळ्यात त्याहून अधिक. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकते. म्हणून दुपारच्या तापात खाद्य बंद ठेवून पहाटे व सायंकाळी देणे, गार पाणी, ओले गोणपाट आणि पाण्याचे तुषार यांवर भर दिला जातो.

हिवाळ्यात चूक उलट दिशेने होते. थंडी अडविण्यासाठी सगळे पडदे घट्ट बंद केले की गादीतून निघणारा अमोनिया कोंडतो आणि श्वसनाचे विकार सुरू होतात. डोळे चुरचुरले की पडदा वरून वीतभर खाली करावा, हा साधा नियम आहे.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती अडीच-तीन अंशांनी कमी करतात. तापमापकापेक्षा पिल्ले अधिक खरे सांगतात. ती दिव्याखाली गर्दी करून बसली तर थंडी आहे, कडेला पळाली तर उष्णता अधिक आहे, सर्वत्र विखुरली असतील तर ठीक आहे. एका बाजूला दाटली असतील तर कोठून तरी वाऱ्याचा झोत येत आहे. या दिवसांत रात्रीचे पहारे चुकवणारा पुढे महिनाभर त्याची किंमत मोजतो.

रोग आणि जैवसुरक्षा

मरेक्सची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिली जाते. पहिल्या आठवड्यात मानमोडीची (राणीखेत), तर साधारण दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची लस देतात. लेअरसाठी हे वेळापत्रक पुढे देवी व इतर लसींपर्यंत लांबते. गादी ओली राहिली तर रक्ती हगवण ठरलेली.

सर्वांत मोठे संकट बर्ड फ्लूचे. भारतात एच५एन१ विषाणूचा पहिला प्रादुर्भाव महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेने फेब्रुवारी २००६ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट करण्यात आल्या, आणि ज्यांच्या शेडपर्यंत रोग पोचलाही नव्हता अशा राज्यभरातील व्यावसायिकांचे भाव कोसळले. २०२१ मध्ये नवापूरला तोच प्रसंग पुन्हा ओढवला. त्याच वर्षी जानेवारीत हरियाणातील पंचकुला जिल्ह्याच्या बरवाला पट्ट्यात रोग आढळला आणि दिल्लीचा गाझीपूर येथील कोंबडी बाजार काही दिवस बंद ठेवण्यात आला.

गुरुग्राम जिल्ह्यात सुलतानपूर राष्ट्रीय उद्यान आहे. २०२१ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळालेल्या या पाणथळीवर हिवाळ्यात परदेशी पाखरे उतरतात. पक्षिनिरीक्षकांसाठी ती पर्वणी असते, कुक्कुटपालकासाठी तो सावधगिरीचा मोसम. रानपक्षी आत येणार नाहीत अशी जाळी, उघड्या तळ्याचे पाणी न वापरणे, दारात निर्जंतुकाचे पायपात्र आणि बाहेरच्या गाडीला व खाद्याच्या जुन्या पोत्यांना मज्जाव, हे उपाय स्वस्त आहेत. मरतूक अचानक वाढली तर पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. सरकारी भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांसाठी नाही. लपवाछपवी करणाऱ्याचे नुकसान दुप्पट होते.

प्रतिजैविकांचा प्रश्नही राजधानी परिसरात ऐरणीवर आला होता. विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले. त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. २०१९ मध्ये केंद्राने कोलिस्टिन या औषधाचा पशुखाद्यातील वापर बंद केला. औषध दिल्यानंतर विक्रीपूर्वी ठरावीक दिवस थांबणे बंधनकारक समजले पाहिजे.

बाजार आणि नियम

अंड्यांचा भाव ठरविण्याची आजची व्यवस्था पुण्यातून उभी राहिली. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली, ती व्यापारी उत्पादनखर्चाहूनही कमी भाव देत असल्याच्या पार्श्वभूमीवर. समिती केंद्रनिहाय दर जाहीर करते. दिल्ली परिसरातील व्यावसायिकांचे लक्ष बरवालाच्या दराकडे असते.

उत्तरेत तुकडी कधी टाकावी हे पंचांगही सांगते. तेथील महिने पौर्णिमान्त असल्याने ‘सावन’ महाराष्ट्राच्या श्रावणापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. शारदीय नवरात्राप्रमाणेच चैत्री नवरात्रही तेथे कडक पाळले जाते. मराठी व्यावसायिकाने घरचे दिनदर्शिकेचे पान पाहून गुरुग्रामला माल तयार केला तर तो ऐन मंदीत बाजारात येईल. गुरुग्राम महापालिकेने मार्च २०२१ मध्ये मांसविक्रीची दुकाने मंगळवारी बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता, हेही लक्षात घेण्याजोगे.

शहरालगतच्या जमिनीचे भाव पाहता नवा मोठा फार्म आता गुरुग्रामच्या वेशीवर परवडत नाही. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५,००० हून अधिक पक्ष्यांच्या फार्मला राज्य मंडळाची संमती आवश्यक झाली आहे आणि निवासी वस्ती व जलस्रोतांपासून अंतर राखावे लागते. बरवाला भागात माशांच्या उपद्रवावरून गावकरी आणि फार्ममालक यांच्यात वर्षानुवर्षे वाद होत आले आहेत. विष्ठा कोरडी ठेवून खत म्हणून विकली तर तक्रारही टळते आणि उत्पन्नही मिळते.

राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१-२२ पासून ग्रामीण कुक्कुटपालनासाठी भांडवली खर्चाच्या ५० टक्के, कमाल २५ लाख रुपये अनुदानाची तरतूद झाली. ती किमान १,००० मातृपक्षी, उबवणी आणि मातृगृह असलेल्या प्रकल्पांसाठी होती. केवळ ब्रॉयलरचे शेड बांधणाऱ्यांसाठी नव्हे. अर्ज भरण्यापूर्वी हा फरक न समजल्याने अनेकांची धावपळ व्यर्थ जाते. प्रशिक्षणासाठी बरेलीजवळील इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था, मुंबईच्या आरे वसाहतीतील केंद्रीय कुक्कुट विकास संघटना आणि पुण्याजवळ उरुळी कांचन येथील डॉ. बी. व्ही. राव यांच्या नावाची संस्था हे पर्याय आहेत. शेड बांधण्याआधी एखाद्या चालू फार्मवर एक संपूर्ण तुकडी, पिल्लू येण्यापासून उचल होईपर्यंत, स्वतः राबून पाहावी, असा सल्ला या व्यवसायातील जाणकार देतात.