दोन सूर्योदयांचा हवाई मार्ग

अमुक गांव किती कोस, असें आपले पूर्वज विचारीत. कोस कळले कीं प्रवासाचे दिवस आपोआप कळत. विमानाचा हिशेब इतका सरळ नाहीं. अंतर नकाशावर मोजतां येतें. पण वेळ ठरते ती पेट्रोल किती नेतां येईल आणि वाटेंत शत्रु कोठें दबा धरून आहे यांवर. याचा एक विलक्षण दाखला आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

१९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर जपान्यांच्या हातीं पडलें आणि ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांना जोडणारा हवाई रस्ता मधोमध तुटला. पाठोपाठ जावा, सुमात्रा, अंदमान हीं बेटेंही गेलीं. आतां हिंदी महासागर एका झेपेंत ओलांडल्यावांचून गत्यंतर नव्हतें. पर्थ येथील स्वान नदीच्या पात्रांतून उडावयाचें आणि सिंहलद्वीपांत गॉलनजीक कोग्गला सरोवरांत उतरावयाचें. अंतर सुमारें ५,६५० किलोमीटर! १९४३ च्या मध्यास क्वांटास कंपनीनें पांच कॅटालिना जलविमानांनिशीं हें साहस आरंभिलें.

या विमानांचा वेग तासाला दोनशें किलोमीटरांच्या आसपास. आज कित्येक देशांतील आगगाड्याही याहून जलद धांवतात. साहजिकच एका खेपेस २७ ते ३३ तास लागत. एवढें पेट्रोल भरल्यावर माणसांना जागा उरणार ती किती? प्रवासी अवघे तीन आणि टपाल सत्तर किलोच्या आंत. उड्डाणानंतरचे पहिले कांहीं तास विमान इतकें जड असे कीं, दोहोंपैकीं एक इंजिन बंद पडतें तर समुद्राचा तळ गांठण्यावांचून दुसरी गति नव्हती. धोक्याचा टापू अंधारांत ओलांडला जावा अशा बेतानें निघावयाचें. बिनतारी यंत्रावर मौन. शब्द उच्चारला तर शत्रूला ठिकाण कळणार. दिशा शोधावयाची ती ताऱ्यांवरून. विमानांना नांवेंही ताऱ्यांचींच दिलेलीं होतीं : अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारीस, स्पायका. एकाच उड्डाणांत प्रवाशांस दोनदां सूर्योदय दिसे, म्हणून त्यांस ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त संघा’चें प्रशस्तिपत्र मिळे. जिवावरच्या प्रवासांतही विनोद सुचावा, हें मला त्या वैमानिकांच्या धैर्याचेंच लक्षण वाटतें.

१९४५ च्या जुलैपर्यंत अशा २७१ खेपा झाल्या. एकही विमान गमावलें नाहीं. पुढें १९४७ च्या डिसेंबरांत सिडनी ते लंडन हा प्रवास कॉन्स्टेलेशन विमानानें, कलकत्ता व कराचीवरून, चार दिवसांत होऊं लागला. २०१८ च्या मार्चमध्यें तर त्याच पर्थहून निघालेलें विमान कोठेंही न थांबतां सुमारें १७ तासांत लंडनला पोंचलें. अंतर जवळजवळ १४,५०० किलोमीटर.

त्या पांच कॅटालिनांचें काय झालें? तीं अमेरिकेकडून उसनवारीच्या करारानें आलेलीं होतीं आणि युद्ध संपतांच नष्ट करावीं अशी अट होती. त्याप्रमाणें त्यांना जलसमाधि देण्यांत आली. बहुतेकांना पर्थसमोरील रॉटनेस्ट बेटानजीक.